नव्या घराची बाहेरची भिंत

घर बांधून पुरें होत आलें, म्हणजे एके दिवशीं रंगारी रंगांच्या नमुन्यांचें पुस्तक घेऊन दारांत उभा राहतो. त्या वेळेपर्यंत गृहस्थाची शिल्लक आटलेली असते, गवंड्याशीं वाद घालून मन शिणलेलें असतें, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आलेला असतो. घरांतल्या मंडळींचीं मतें घेतलीं जातात. मुलांना निळा हवा असतो, आजींना पिवळा शुभ वाटतो, आणि गृहिणी शेजारच्या बंगल्याकडे बोट दाखवून ‘तो सोडून कोणताहि चालेल’ असें सांगते. अर्ध्या तासांत निर्णय होतो. पायाची खोली ठरविण्यास इंजिनिअराला तीनदां बोलावणारा माणूस, पुढें आयुष्यभर सर्वांच्या दृष्टीस पडणारी गोष्ट चहाचा पेला रिकामा होईपर्यंत ठरवून मोकळा होतो.

‘घर पहावें बांधून’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ती बांधण्यापाशींच थांबते. बांधलेलें घर पुढें सांभाळावें लागतें, आणि सांभाळण्याच्या खर्चांत मोठा वांटा बाहेरच्या भिंतींचा असतो. घरांतली फरशी, दारें, कपाटें यांना छपराचा आश्रय आहे. बाहेरच्या भिंतीला मात्र सुटी अशी कधींच नाहीं. ती मे महिन्यांत तापते, जूनमध्यें भिजते, आणि हा क्रम दरवर्षीं न चुकतां सोसते. म्हणून तिच्या रंगाचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हे. रंग जिच्यावर बसावयाचा ती भिंत कशाची आहे, तिच्यावर कोणत्या वेळचें ऊन पडतें, पाऊस कोणत्या बाजूनें येतो, हीं उत्तरें आधीं मिळवावीं लागतात. तीं मिळालीं, कीं नमुन्यांच्या पुस्तकांतलीं निम्मीं पानें आपोआप गळून पडतात.

घराला चार बाजू असतात आणि बहुतेक घरांना चारी बाजूंनीं एकच रंग दिला जातो. निसर्गाच्या हिशेबीं मात्र या चार भिंती जणुं चार निराळ्या मुलखांत उभ्या असतात. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणें साडेअठरा अंशांवर. या अक्षांशांवर मेच्या मध्यास मध्याह्नीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तेथून जुलैअखेरपर्यंत तो किंचित् उत्तरेकडे कललेला राहतो. अर्थात् ऐन उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचें ऊन जवळजवळ पडतच नाहीं. सर्व मारा गच्चीवर होतो, आणि सकाळीं पूर्वेच्या व दुपार कलल्यावर पश्चिमेच्या भिंतीवर. डिसेंबरांत याच्या उलट. त्या महिन्यांत पुण्यास दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपलीकडे चढत नाहीं, आणि दक्षिणेची भिंत दिवसभर उन्हांत राहते; पण तें हिंवाळ्याचें ऊन असल्यामुळें त्याचा उपद्रव न होतां उलट सुखच वाटतें. उत्तरेच्या भिंतीच्या वांट्यास थोडेंफार ऊन येतें तें उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभीं, आणि त्यांतलें बरेंचसें ढगच अडवून धरतात.

पावसाचें गणित याहून सोपें आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा नांवाप्रमाणेंच नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो आणि तिरप्या सरी त्याच दोन बाजूंच्या भिंतींवर आपटतो. मुंबईस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; पुण्यास सबंध वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर; महाबळेश्वरास ५,००० मिलिमीटरांच्याहि वर. एकच गिलावा आणि एकच रंग या तिन्ही गांवीं सारखाच टिकावा अशी अपेक्षा करणें, म्हणजे तीन माणसांना एकाच मापाचा अंगरखा शिवण्यासारखें आहे.

ऊन आणि पाऊस यांचे हिशेब एकत्र मांडले, म्हणजे पश्चिमेची भिंत घरांतली सर्वांत कष्टाळू भिंत ठरते. तिसऱ्या प्रहराचें तिरपें ऊन तिला तापवितें. तापून ती किंचित् फुगते, रात्रीं निवून आकसते, आणि या रोजच्या फुगण्या-आकसण्यानें गिलाव्यावर केंसासारख्या बारीक चिरा पडतात. मग जूनमध्यें वाऱ्यानें रेटलेलें पाणी नेमकें त्या चिरांतून आंत शिरतें. उत्तरेच्या भिंतीचें दुखणें निराळें. तिच्यावर पाऊस जोरानें आपटत नाहीं, पण एकदां ओली झाली कीं ती लवकर वाळत नाहीं, आणि गणपतीच्या सुमारास तिच्यावर हिरवें शेवाळ व काळी बुरशी दिसूं लागते. रंगारी आपला नमुना बहुधा पूर्वेकडच्या दर्शनी भिंतीवर काढून दाखवितो, कारण माणसें तेथूनच आंत येतात. निवड मात्र पश्चिमेच्या भिंतीकडे पाहून करावी. जें तिला मानवेल तें इतर तिघींना सहज मानवतें.

जुन्या कारागिरांनीं हा हिशेब कागदावर मांडला नसेल, परंतु त्यांच्या घरांवर तो स्पष्ट वाचतां येतो. कोंकणांतलें जुनें घर पहावें. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, कित्येकदां गिलाव्यावांचून उघडीच. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं मलबारांतील अंगाडिपुरम् येथील या दगडाचें वर्णन करतांना विटेच्या लॅटिन नांवावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलें, आणि तें यथार्थ आहे; कारण खाणींतून काढतांना हा दगड कुऱ्हाडीनें तासतां येईल इतका मऊ असतो, आणि वारा लागून वाळला कीं घट्ट होतो. चिरेखाणींतून ताजा निघालेला चिरा व दोन उन्हाळे पाहिलेला चिरा यांत फरक असतो, हें कोंकणांतल्या गवंड्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. हा दगड सच्छिद्र आहे, पाणी पितो. म्हणूनच त्याच्यावर उतरतें छप्पर आलें, छपराची वळचण भिंतीपासून हात-दोन हात पुढें आली, आणि वळचणीखालीं पडवी आली. इतकेंहि करून पश्चिमेच्या अंगास पावसाळ्यापुरता माडाच्या विणलेल्या झांपांचा आडोसा बांधीत. भिंतीला छत्री, आणि शिवाय वरून घोंगडी! जांभ्याचा तो तांबूस वर्ण पिढ्यान् पिढ्या टिकला, त्यांत दगडाचा गुण होता, पण त्याहून अधिक त्या छत्रीचा होता. आज कित्येक शहरी बंगल्यांना हौसेनें उघडा जांभा लावतात आणि वर सपाट गच्ची ठेवून वळचण काढतच नाहींत. दोन-तीन पावसाळ्यांत चिरे काळवंडतात, आणि दोष खाणीवर येतो.

देशावर दगड निराळा. तेथील काळा पाषाण, ज्याला आतां सर्वजण बसाल्ट म्हणतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा थिजलेला थर. तो घडविण्यास पाथरवटाचा घाम निघतो. पण चांगला अभंग दगड पाणी फारच थोडें घेतो. म्हणून जुन्या वाड्यांत जोतें व खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचें काम विटेचें, अशी रीत पडली. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ सालीं उभा राहिला. १८२८ सालच्या आगींत त्याच्या आंतील इमारती नष्ट झाल्या. परंतु तटाचा खालचा दगड आणि त्यावरची वीट आजहि ती रीत दाखवीत उभीं आहेत. यांत शोभेचा विचार नव्हता असें नाहीं. पण मूळ विचार चिखलाचा होता. पावसाचें पाणी जमिनीवर आपटून हातभर वर उडतें आणि त्याबरोबर माती उडते. ज्यांना दगडाचें जोतें परवडत नसे, ते पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशीं काळा किंवा गेरूचा हातभर रुंद पट्टा ओढीत. हा पट्टा पुष्कळांना जुनाट वाटूं लागला, आणि नव्या घरांचे शुभ्र रंग थेट जमिनीस टेकले. पहिल्याच पावसांत त्या ठिकाणीं न मागतां पट्टा उमटतो, कोंकणांत तांबडा आणि देशावर तपकिरी.

जुन्या रीतींतली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ती म्हणजे चुना. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, कीं त्यांतला कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवून भिंतीस लावला, म्हणजे तो हवेंतून तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुन्हां चुनखडीच्या दगडाचें रूप घेतो. सफेतीचा हात म्हणजे भिंतीवर चढविलेला दगडाचा अत्यंत पातळ थरच होय. त्यांतून पाण्याची वाफ आंतबाहेर करूं शकते, म्हणून ओली भिंत त्याच्यामागें कोंडली जात नाहीं. पण हा थर दरवर्षीं पावसानें झिजतो, आणि दिवाळीच्या आधीं पुन्हां द्यावा लागतो. पूर्वींच्या घरांत हें वार्षिक काम सणाच्या तयारींतच मोडत असे. चुना स्वस्त होता, घरीं माणसें होतीं, आणि दरवर्षीं घर नवें दिसत असे. आजच्या कुटुंबाला दरवर्षीं हें करण्यास सवड नाहीं. त्याला एकदां खर्च करून दहा वर्षें विसरून जावयाचें असतें. यांत वावगें कांहीं नाहीं; फक्त, ज्या गृहस्थाला भिंत विसरून जावयाची आहे त्यानें रंगावर भिस्त कमी ठेवून भिंतीच्या द्रव्यावर अधिक ठेवावी लागते. सर्व निवडीचें मर्म येथें आहे.

चुन्यानें आणखी एक धडा दिला आहे. चुना तीव्र क्षारधर्मी आहे, आणि नवें सिमेंटहि तसेंच. ज्या रंगद्रव्याला क्षार सोसत नाहीं तें त्यांत जगत नाहीं. प्रशियन निळा म्हणून जो गडद निळा रंग आहे तो त्यांत नासतो. उलट गेरू, काव, हिरमजी, पिवडी या मातीच्या रंगांना कांहीं होत नाहीं. हीं सारीं लोखंडाच्या गंजाचींच रूपें आहेत. जें आधींच गंजून चुकलें आहे, त्याचें ऊन-पाऊस आणखी काय बिघडविणार? गोमंतकांत व दक्षिण कोंकणांत देवळांवर जें कावीचें काम दिसतें, पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरून काढलेलीं वेलबुट्टी व चित्रें, त्यांचा तांबडा रंग अशा मुसळधार पावसाच्या मुलखांत टिकून आहे. आजच्या कारखान्यांतून येणाऱ्या रंगांतहि विटकरी, पिवळसर मातकट, तपकिरी या छटा बहुधा लोखंडाच्याच गंजापासून केलेल्या असतात आणि त्या दीर्घायुषी असतात. झगझगीत गुलाबी, जांभळा, लिंबाएवढा पिवळा व पोपटी यांपैकीं पुष्कळ रंग सेंद्रिय द्रव्यांचे असतात. त्यांतले उंची प्रकार सोडले तर पश्चिमेच्या भिंतीवर ते लवकर विटतात. नमुन्यांच्या पुस्तकांत मात्र हे सारे एकाच ओळींत, एकाच आकाराच्या चौकोनांत शेजारीं शेजारीं बसलेले असतात. कोणाचें आयुष्य किती, हें चौकोनाखालीं छापलेलें नसतें. तें दुकानदारास मुद्दाम विचारावें लागतें.

सिमेंटच्या गिलाव्याविषयीं दोन शब्द अवश्य सांगावयास हवेत. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें त्याचा कारखाना १९१४ सालीं सुरू झाला, आणि पुढें शंभर वर्षांच्या आंत चुन्याचें काम शहरांतून जवळजवळ नाहींसें झालें. सिमेंटाचा गिलावा टणक व जलद होतो, पण त्यालाहि वेळ द्यावा लागतो. किमान आठवडाभर त्याच्यावर पाणी मारून तो ओला ठेवावा, आणि एकूण चार आठवडे झाल्याखेरीज त्यावर रंगाचा ब्रश लावूं नये. मुहूर्तासाठीं ही मुदत तोडली, कीं भिंतींतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पांढरा लोणा फुटतो आणि रंग पापुद्र्यांनीं सुटतो. ज्यांचें नवें घर म्हणजे वडिलार्जित वाड्यालाच काढलेला नवा भाग आहे, त्यांनीं जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटाचा गिलावा चढविण्याचा मोह टाळावा. जुनी भिंत जमिनीची ओल ओढते आणि चुन्यावाटे सोडून देते. बाहेरून घट्ट कवच बसलें, कीं ती ओल घराच्या आंत वाट शोधते.

आतां रंगाचा खर्च. सिमेंटाचा रंग, जो एका विशिष्ट मालाच्या नांवावरून पुष्कळ घरीं अजून ‘स्नोसेम’ म्हणूनच ओळखला जातो, स्वस्त पडतो. पण तो तीनेक वर्षांत उडतो. ॲक्रिलिक इमल्शन महाग पडतें आणि चांगल्या गिलाव्यावर पांच ते सात वर्षें राहतें. एकवीस वर्षांचा हिशेब केला तर पहिला सात वेळां द्यावा लागतो, दुसरा तीन किंवा चार वेळां. दर वेळीं परांची बांधावी लागते, भिंत घासावी लागते, मजुरी द्यावी लागते, झाडें-कुंड्या झांकाव्या लागतात. दुमजली घरांत हा वरखर्च डब्याच्या किंमतीहून थोडाथोडका नसतो. डब्यापुरता विचार करणारास स्वस्त रंग स्वस्त वाटतो. परांचीसकट विचार केला म्हणजे उत्तर बदलतें.

याच हिशेबानें दगडाचा व विटेचाहि विचार करावा. न रंगविलेली वीट सुरेख दिसते. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं केरळासारख्या पावसाळी प्रांतांत गिलाव्याचा खर्च वांचवून उघड्या विटेचीं घरें बांधलीं. पण ती वीट चांगली भाजलेली होती आणि छपरें भिंतींपुढें आलेलीं होतीं. विटेची परीक्षा घरच्या घरीं होते. कोरडी वीट तोलून पहावी, चोवीस तास पाण्यांत बुडवून ठेवावी, पुसून पुन्हां तोलावी. नेहमींच्या विटेनें आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊं नये असा भारतीय मानकाचा नियम आहे. उंच प्रतीच्या विटेसाठीं मर्यादा १५ टक्के. म्हणजे तीन किलोच्या विटेनें सहाशें ग्रॅमपेक्षां जास्त पाणी घेतलें, तर ती उघडी ठेवण्याच्या लायकीची नाहीं, मग तिचा रंग कितीहि लाल असो. भट्टीवाल्याच्या शब्दापेक्षां स्वयंपाकघरांतल्या काट्यावर या बाबतींत अधिक विश्वास ठेवावा.

दगडाच्या बाबतींत मुंबईच्या सार्वजनिक इमारतींनीं दीडशें वर्षें जाहीर प्रयोगच मांडून ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकांतील मोठ्या इमारतींत भिंतींसाठीं कुर्ला, मालाड येथील स्थानिक दगड आणि कोरीव कामासाठीं पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड पुष्कळ ठिकाणीं वापरला गेला. पोरबंदरचा दगड हत्याराला वश होतो, म्हणून पानें, फुलें, पक्षी त्यांत सहज उतरले. पण समुद्राची खारी हवा व पाऊस यांनीं तेंच काम ठिकठिकाणीं झिजलें आहे. गेटवे ऑफ इंडिया, जी १९२४ सालीं पुरी झाली, ती पिवळट बसाल्टाची. समुद्राच्या अगदीं तोंडाशीं असून तिचे दगड भक्कम आहेत. तात्पर्य काय, तर दगड म्हणजे टिकाऊच, असा सरसकट समज खरा नव्हे. कोंवळा दगड आंतल्या देवघराला द्यावा. समुद्राकडच्या भिंतीला कठीण दगडच हवा.

अलीकडे दगडाची भिंत न बांधतां सिमेंटच्या गिलाव्यावर दगडाच्या पातळ फरशा चिकटविण्याची चाल पडली आहे. दुरून भिंत दगडी दिसते. तिची खरी कसोटी सांध्यांत आहे. फरशी आणि गिलावा उन्हानें सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत, त्यामुळें सांधे उकलतात. त्यांतून पाणी फरशीमागें जाऊन बसतें, आणि वरच्या मजल्यावरची एखादी फरशी सैल होते. ती केव्हां खालीं येईल हें सांगतां येत नाहीं. ज्यांना दगड हवाच आहे त्यांनीं तो जोत्याला व तळमजल्याला, खरा, जाड, एकावर एक रचलेला लावावा, आणि वर साधा गिलावा ठेवावा. खर्च तेवढाच होतो, घराला वजन येतें, आणि चिखलाचा प्रश्न त्यांतच सुटतो. संपूर्ण दर्शनी बाजू कांचेनें किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनीं झांकण्याची हौस कचेऱ्यांकडून घरांकडे आली आहे. तिच्याविषयीं एवढेंच, कीं पश्चिमेकडची उघडी कांच मे महिन्यांत घरांत जी उष्णता सोडते, तिचें बिल विजेची कंपनी दरमहा न चुकतां पाठवितें.

रंग व द्रव्य यांच्याइतकाच, किंबहुना कांकणभर अधिक, परिणाम कांहीं क्षुल्लक दिसणाऱ्या तपशिलांचा होतो. नवें घर पहिल्या पावसाळ्यानंतर ओंगळ दिसूं लागतें, तें रंग वाईट म्हणून क्वचित्. बहुधा खिडक्यांच्या दोन्ही कोंपऱ्यांतून खालीं ओघळलेल्या काळ्या रेघांमुळें. गच्चीच्या कठड्यावर वर्षभराची धूळ सांचते, पाऊस ती धुऊन भिंतीवर उतरवितो. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या आंतल्या बाजूस उतार दिला, तर तें पाणी भिंतीवर न येतां गच्चींत जातें. खिडकीखालची फरशी भिंतीच्या पुढें दोन इंच काढली आणि तिच्या व छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन बोटें आंत, एक बारीक खाच पाडली, तर पाणी भिंतीकडे न सरकतां खाचेपाशीं थेंब होऊन खालीं पडतें. या खाचेला खर्च म्हणण्यासारखा येत नाहीं, पण ती गिलावा ओला असतांनाच पाडावी लागते. जुन्या कौलारू घरांत हें काम कौलांची कड आपसूक करीत असे. पागोळ्या भिंतीपासून दूरच पडत. बासेल मिशननें मंगळुरास १८६५ सालीं कारखाना काढल्यावर जीं मंगळुरी कौलें किनाऱ्याकिनाऱ्यानें पसरलीं, त्यांनीं घराच्या डोक्याला तांबडा रंगहि दिला, आणि त्या रंगाखालीं पांढरी भिंत शोभते हें दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसविलें.

सपाट गच्चीच्या घरांनीं हें कसें साधावें, याचा पाठ मुंबईस मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस पहावयास मिळतो. १९३० नंतर तेथें ज्या आर्ट डेको पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचा समावेश मैदानापलीकडच्या व्हिक्टोरियन इमारतींसह युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारशांत केला. त्यांतील पुष्कळ इमारतींवर खिडक्यांच्या वर भुंवईसारखे लांब आडवे छज्जे आहेत. ते ऊन अडवितात, सर अडवितात आणि भिंतीवर सांवलीची रेघ काढतात. त्या सांवलीमुळेंच मलईसारखा, फिकट पिवळा किंवा फिका हिरवा रंग तेथें निर्जीव वाटत नाहीं. ज्या सपाट भिंतीवर सांवली पाडणारें कांहींच नाहीं, तिला उठाव आणण्यासाठीं मग भडक रंगांचे पट्टे ओढावे लागतात.

एवढें ठरल्यावर रंग निवडणें फार अवघड राहत नाहीं. नमुन्याच्या चिठ्ठीवर जो रंग मवाळ दिसतो तोच मोठ्या भिंतीवर उन्हांत अधिक उजळ व अधिक भडक दिसतो. म्हणून मनास आला असेल त्याहून एक पायरी फिका आणि मातकट रंग घ्यावा. दुकानांतल्या दिव्याखालीं निवाडा करूं नये. लहान डबा आणून पश्चिमेच्या व उत्तरेच्या भिंतींवर तीन-तीन फुटांचे चौकोन रंगवावे, आणि ते सकाळीं, भर दुपारीं व दिवेलागणीस पहावे. एकदां त्यांवर पाणी मारून पहावें, कारण वर्षाचे चार महिने घर ओलेंच दिसणार आहे. शक्य तर मूठभर अंगणांतली माती त्या चौकोनावर चोळून पहावी. ऐकावयास हें विचित्र वाटेल, परंतु धूळ कोणत्या रंगावर दिसते आणि कोणत्या रंगांत मुरते, हें कळण्यास दुसरा उपाय नाहीं. तांबड्या मातीच्या गांवीं किंचित् गुलाबीकडे झुकणारा पांढरा, काळ्या मातीच्या गांवीं राखी छटेचा पांढरा, हे शुद्ध शुभ्रापेक्षां अधिक काळ स्वच्छ दिसतात.

पांढऱ्याचें एक श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. ताज्या पांढऱ्या रंगावरून सुमारे तीन-चतुर्थांश ऊन परत फिरतें. काळ्याकुट्ट करड्या रंगांत तें बहुतेक सर्व मुरतें. सध्यां कोळशासारखा करडा रंग घराला भारदस्तपणा देतो अशी समजूत आहे. थंड देशांतील चित्रांत तो खरोखर चांगला दिसतो. विदर्भांत, जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथें पश्चिमेच्या भिंतीला तो देणें म्हणजे भिंतीमागें निजणाऱ्या माणसाच्या झोंपेवर कर बसविणें होय. गडद रंगाची फारच आवड असेल तर तो उत्तरेस, पडवीखालीं, दारांच्या चौकटींना द्यावा. आणि ज्याला उष्णतेची खरी चिंता आहे त्यानें भिंतींआधीं गच्ची पांढरी करावी, मग ती चुन्यानें असो कीं चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या फरशांनीं. कारण मेचा सूर्य भिंतींकडे थोडा वेळ पाहतो, गच्चीकडे दिवसभर.

घराची बाहेरची भिंत घरांतल्या माणसांना सर्वांत कमी दिसते, समोरच्या बिऱ्हाडांना मात्र ती सकाळीं खिडकी उघडल्यापासून दिसते. ज्या आळींत सर्व घरें मातकट व पांढरीं आहेत तेथें एखादें जांभळें घर उठून दिसतें खरें. पण समोरच्या मंडळींना तें रोज पहावें लागतें. रंगाचा डबा घेण्यापूर्वीं समोरच्या ओट्यावर जाऊन एकदां बसून यावें. शेजाऱ्यांची संमति मागावी असें नव्हे. तेथून घर कसें दिसेल तें कळतें.

ज्या श्रोत्यांचें घर अजून नकाशावरच आहे, त्यांनीं गवंड्याशीं बोलतांनाच छज्ज्याची खाच, कठड्याचा उतार व जोत्याचा दगड हीं ठरवून टाकावीं. तीं मागाहून होत नाहींत. ज्यांचा गिलावा झाला आहे त्यांनीं पावसाळा तोंडावर असेल तर रंगाची घाई न करतां एक पावसाळा कोरी भिंत तशीच राहूं द्यावी. ओल कोठें येते, रेघा कोठें उमटतात, चिरा कोठें पडतात, हें ती भिंत स्वतः दाखविते, आणि दिवाळीनंतर ती वाळली म्हणजे डागडुजी करून रंग देतां येतो. वास्तुशांति कोऱ्या भिंतींच्या घरांतहि यथासांग होते. काम संपल्यावर त्याच खाणींतले वीस-पंचवीस चिरे किंवा त्याच भट्टींतल्या शंभर विटा परसांत राखून ठेवाव्या, कारण पुढच्या वर्षींचा माल त्याच वर्णाचा येत नाहीं. आणि रंगाचें नांव, छटेचा क्रमांक व दिल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद माळ्याच्या दाराला आंतून चिकटवून ठेवावा.